सोनेरी लंबवर्तुळातील चिंबोरी : प्रबोधनकाळाच्या पद्धतीने प्राणिचित्र कसे काढावे

युरोपातील प्रबोधनकाळाची प्राणिचित्रे शास्त्रीय आकृत्यांइतकी काटेकोर असतात, आणि तरीही त्यांचे प्रत्येक पान नक्षीकामाइतके रचलेले असते. भुंग्याच्या पायावरचे काटे मोजता येतात, माशाच्या परांमधल्या शिरा दिसतात; पण हे सगळे पानावर अशा तोलाने बसवलेले असते की आधी नजर रचनेवर खिळते आणि मग तपशिलांकडे वळते. हा मेळ कसा साधला जातो हे समजून घेऊन तसे एक चित्र स्वतः काढता यावे, यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. विषय म्हणून मी चिंबोरी निवडली आहे, कारण मुंबईच्या कोणत्याही मासळीबाजारात ती ताजी मिळते, तिच्या शरीराची घडण गुंतागुंतीची आहे, आणि चित्र पूर्ण होईपर्यंत रंग न बदलणारा असा जलचर दुसरा सहज सापडत नाही.

या शैलीचे मर्म माझ्या मते एकाच नियमात आहे. सजावट प्राण्याच्या अंगात घालायची नसते, ती त्याच्या भोवती रचायची असते. प्राणी जसा आहे तसाच ठेवावा. सौंदर्य त्याच्या जागेतून, शेजारून, सावलीतून आणि चौकटीतून आणावे.

या बाबतीत आदर्श मानावा असा चित्रकार म्हणजे योरिस हूफनागल. अँटवर्पमधील हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात 1542 मध्ये जन्मलेल्या या माणसाने अग्नी, पृथ्वी, जल आणि वायू अशा चार तत्त्वांवर चार चित्रसंग्रह केले. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. चर्मपत्राची ती पाने जेमतेम 14.3 बाय 18.4 सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या शाळेच्या वहीहूनही लहान. प्रत्येक पानावर सोन्याच्या बारीक रेघेचे लंबवर्तुळ, त्यात प्राणी, आणि वर-खाली लॅटिन वचने, अशी त्यांची मांडणी आहे. अग्नितत्त्वाच्या खंडात कीटक आहेत, आणि त्यातल्या एका पानावर हूफनागलने चतुरांची शरीरे रंगवून त्यांना खऱ्या चतुरांचे पंख चिकटवले आहेत. निरीक्षण आणि कलाकुसर यांच्यातली सीमारेषा त्याने किती गांभीर्याने तपासली होती, हे या एका पानावरून कळते. या संग्रहाची पाने संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात विनामूल्य पाहता येतात. काम सुरू करण्यापूर्वी जलखंडातील काही पाने पडद्यावर मोठी करून सावकाश पाहावीत.

नियम मोडला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्याशी जोडलेले आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने (मुंबईची बेटेही तेव्हा गुजरातच्या सुलतानांच्याच अमलाखाली होती) पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजाने निघून 20 मे 1515 रोजी लिस्बनला पोहोचला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. त्याच्या हाती आले ते एक वर्णन आणि एक रेखाटन. त्यावरून त्याने जे लाकडी ठशाचे चित्र केले, त्यात गेंड्याच्या कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या, पायांवर खवले आले, आणि खांद्यावर एक पिळदार छोटे शिंगही उगवले. चित्र अप्रतिम आहे, आणि दोनशेहून अधिक वर्षे युरोपने गेंडा म्हणजे हाच असे मानले. त्याच ड्यूररने समोर बसलेला ससा 1502 मध्ये रंगवला तेव्हा त्यात एकही केस मनाने घातलेला दिसत नाही, उलट सशाच्या डोळ्यात खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा आहे. हात तोच होता; एका वेळी प्राणी समोर होता आणि दुसऱ्या वेळी नव्हता. म्हणून इंटरनेटवरच्या छायाचित्रावरून हे चित्र काढू नये. बाजारात जावे.

साहित्य

साहित्य फार लागत नाही, पण कागदावर पैसे वाचवू नयेत. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत पृष्ठभागाचा, म्हणजे हॉट प्रेस जातीचा जलरंगाचा कागद घ्यावा. खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते आणि नक्षीकामाची सगळी शोभा जाते. ए-फोर आकार पुरेसा आहे. जयपूरकडे लघुचित्रांसाठी बनणारा घोटलेला वसली कागद मिळाला तर तोही उत्तम चालतो, कारण चर्मपत्राच्या गुळगुळीतपणाच्या सर्वांत जवळ तोच जातो. ब्रश तीन असावेत : पातळ रंगाचे हात देण्यासाठी 4 नंबरचा, आकार भरण्यासाठी 1 नंबरचा आणि रेघांसाठी तीन शून्यांचा. ते कृत्रिम केसांचेच घ्यावेत. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही चोरून विकले जातात, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि ज्या चित्राचा उद्देशच प्राण्याकडे आदराने पाहणे हा आहे, ते अशा ब्रशाने काढणे मला तरी अशक्य वाटते.

रंगांमध्ये सॅप ग्रीन, बर्न्ट अंबर, येलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे पाच जलरंग आणि पांढऱ्या गॉशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, एक ट्यूब एवढे हवे. काळा रंग घेऊ नये; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो गडद रंग होतो, तो कवचावर अधिक जिवंत दिसतो. सोन्यासाठी सोनेरी गॉश, ट्रेसिंग पेपर, शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक आणि एचबी व टू-एच पेन्सिली, इतके जमले की तयारी झाली.

चिंबोरी निवडणे आणि पाहणे

बाजारात सकाळी लवकर जावे. कोळणीला आपण चित्रासाठी चिंबोरी नेणार असल्याचे सांगावे आणि सगळे पाय शाबूत असलेली, मध्यम आकाराची, कवच 9-10 सेंटिमीटर रुंद असलेली मागावी. पाय तुटलेली चिंबोरी स्वयंपाकाला चालते, चित्राला नाही. जून-जुलैमध्ये समुद्रातली मासेमारी बंद असते, पण खाडीच्या चिंबोऱ्या तेव्हाही मिळतात. याच फेरीत दोन मांदेल्या आणि मूठभर तिसऱ्या घ्याव्यात. त्यांचा उपयोग पुढे रचनेत होईल.

चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधलेल्या असतात. जिवंत चिंबोरीची सुतळी सोडू नये, तिच्या नांगीत बोट तोडण्याइतके बळ असते. घरी आणल्यावर तिला बर्फात ठेवावे. थंडीने ती आधी सुस्त होते आणि मग निपचित पडते. ती पूर्ण निश्चल झाल्यावर, आणि तेव्हाच, सुतळी कापून नांग्या हव्या तशा मांडाव्यात.

आता निदान अर्धा तास पेन्सिल हातात न घेता नुसते पाहावे. कवचाच्या पुढच्या कडेवर, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना, करवतीसारखे दाते असतात. ते प्रत्येक बाजूला नऊ भरतात. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी चार बोथट उंचवटे असतात. हे आकडे आधी कागदावर लिहून ठेवावेत, कारण रेखाटताना हात आपोआप सात किंवा आठ दाते काढून मोकळा होतो आणि ती कडा नुसती नक्षी होऊन बसते. दोन्ही नांग्या सारख्या नसतात : एक जाड, कवच फोडणारी, बोथट गाठींची, दुसरी सडपातळ, कापणारी, धारदार दातांची. चालण्याचे पाय टोकदार असतात, पण सर्वांत मागची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, कारण त्याच पायांनी ती पोहते. चिंबोरी उलटी करून पाहिली तर पोटाखालची झडप दिसते. ती अरुंद आणि त्रिकोणी असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. चित्रात ही बाजू येणार नाही, तरीही ती नोंद करून ठेवावी.

रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. चिंबोरी म्हटले की मनात लाल-केशरी रंग येतो, पण तो शिजवलेल्या चिंबोरीचा रंग आहे. कवचातले तांबूस रंगद्रव्य जिवंतपणी एका प्रथिनाशी बांधलेले असते, त्यामुळे ते हिरवट-निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन विस्कटले की लाल रंग सुटा होतो. कच्ची चिंबोरी शेवाळी, तपकिरी, कुठे निळसर आणि सांध्यांजवळ फिकट पिवळट असते. नेमके काय दिसते ते कागदाच्या वेगळ्या तुकड्यावर छोटे रंगचौकोन करून उतरवावे आणि प्रत्येकाखाली तो रंग शरीराच्या कोणत्या भागाचा आहे ते लिहावे. मांदेल्यांचे रंगचौकोन मात्र आधी रंगवून घ्यावेत. त्यांचा सोनेरी रंग आणि खालच्या कुशीवरच्या मोत्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी तासा-दोन तासांत मंदावतात आणि डोळा गढूळ होतो.

मोजमाप कर्कटकाने घ्यावे आणि चित्र मूळ आकारातच काढावे. कवचाची रुंदी हे एकक धरून लांबी, नांगीची लांबी, डोळ्यांमधले अंतर हे सगळे त्याच्या प्रमाणात तपासले की पहिल्या रेखाटनातल्या बहुतेक चुका उघड होतात. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करावे. प्रत्येक प्राणी वेगळ्या तुकड्यावर असावा, कारण पुढची पायरी ते तुकडे सरकवण्याची आहे.

रचना

या चित्रपद्धतीचे खरे शिक्षण इथे होते, म्हणून इथे घाई करू नये.

आधी लंबवर्तुळ. ए-फोर कागद आडवा धरून त्याच आकाराच्या ट्रेसिंग पेपरवर मध्यबिंदू काढावा आणि आडव्या मध्यरेषेवर त्याच्या दोन्ही बाजूंना 8.9 सेंटिमीटरवर टाचण्या खोचाव्यात, म्हणजे त्यांच्यातले अंतर सुमारे 17.9 सेंटिमीटर होईल. 41.9 सेंटिमीटर घेराचा दोऱ्याचा फास करून तो टाचण्यांभोवती टाकावा, पेन्सिलीने ताणून धरावा आणि फिरवावे. 24 सेंटिमीटर रुंद आणि 16 सेंटिमीटर उंच लंबवर्तुळ मिळते, आणि वर-खाली अक्षरांसाठी अडीच सेंटिमीटर जागा उरते. वेगळे माप हवे असल्यास अर्ध्या रुंदीच्या वर्गातून अर्ध्या उंचीचा वर्ग वजा करावा आणि वर्गमूळ काढावे. मध्यापासून टाचणीचे अंतर तेवढे.

आता चिंबोरीचा तुकडा लंबवर्तुळात ठेवावा. अगदी मधोमध ठेवली तर ती राशिचक्रातल्या कर्केच्या चिन्हासारखी दिसते, हे टाळावे. कवच मध्यरेषेच्या किंचित वर आणि अंग थोडे तिरपे, असे बसवावे. जाड नांगी ज्या बाजूला येईल तिकडे वजन वाढते, ते तोलण्यासाठी समोरच्या बाजूला काहीतरी लागते. इथे तिवराची एक डहाळी मला सर्वांत योग्य वाटते, कारण चिंबोरी खारफुटीतच राहते. तिचे घर तिच्या शेजारी आले की सजावट अर्थपूर्ण होते. तिवराचे पान वरून चकचकीत हिरवे आणि खालून राखाडी-पांढरे असते, आणि त्यावर झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे कण दिसतात. एक पान सुलटे आणि एक उलटे दाखवले की शास्त्र आणि नक्षी दोन्ही साधतात. खारफुटी तोडण्यास राज्यात मनाई आहे, तेव्हा खाडीकाठी गळून पडलेली पानेच उचलावीत. खाली दोन मांदेल्या, लंबवर्तुळाच्या वळणाला समांतर, पण एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब होणार नाहीत अशा. आणि तिसऱ्यांचे एक-दोन शिंपले, एक उघडा, एक मिटलेला.

तोल आणि समरूपता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हूफनागलची पाने तोल शिकवतात. रचना जमली की नाही हे पाहण्यासाठी ट्रेसिंग पेपर उलटा करून पाहावा; उलट्या बाजूने एखादा कोपरा जड वाटला तर तो सुलट बाजूनेही जडच आहे.

याचा अभ्यास मुंबईत चालता-चालता होऊ शकतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवर सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेल्या पानाफुलांच्या कोरीवकामात मोर, माकडे, खारी दडलेल्या आहेत; प्राणी नक्षीच्या ओघात बसूनही आपली जात कशी राखतो, हे तिथे दगडात दिसते. तशी चाल रोममध्ये राफाएलचा सहकारी जोव्हानी दा उदिने याने व्हॅटिकनच्या सज्ज्यांत 1517 ते 1519च्या सुमारास चालवली होती, आणि तिची प्रेरणा नीरोच्या गाडल्या गेलेल्या राजवाड्यातल्या प्राचीन भित्तिचित्रांतून आली होती. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचे दालन आणि निसर्गविज्ञानाचे दालन एकाच छताखाली आहेत; दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. जहांगीरचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या परंपरेत पक्षी पानाच्या मध्यभागी अगदी शांत आणि अचूक असतो, आणि सगळी फुलांची, सोन्याची उधळण हाशियात, म्हणजे कडेच्या समासात असते. दूर युरोपात जो नियम पाळला जात होता, तोच इथेही पाळला गेला, हे पाहून मला नेहमी आनंद होतो.

रंगकाम

रचना मूळ कागदावर उतरवल्यावर पेन्सिलीची रेघ खोडरबराने इतकी फिकट करावी की ती फक्त आपल्यालाच दिसावी. पहिला हात अगदी पातळ, शेवाळी रंगाचा, सगळ्या कवचावर सपाट द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ड्यूररनेही सशासाठी आधी तपकिरी पातळ रंग दिला आणि मग एकेक केस गडद आणि फिकट रंगाने वर आणला. दुसरा आणि तिसरा हात छायेच्या भागांत द्यावा. प्रकाश डावीकडून वरून येतो असे धरावे आणि पानावरच्या प्रत्येक वस्तूसाठी तेच पाळावे. त्यानंतर तीन शून्यांच्या ब्रशाने छोटे ठिपके आणि आखूड रेघा देत कवचाचा पोत आणावा. रेघा नेहमी पृष्ठभागाच्या वळणाबरोबर जाव्यात. सांध्यांजवळ येलो ऑकर, टोकांकडे बर्न्ट सिएना, आणि रंगचौकोनांत दिसत असेल तिथेच निळी झाक.

पांढरा गॉश सर्वांत शेवटी आणि कंजूषपणे वापरावा. कवचावर एक ओलसर चकाकी, प्रत्येक दात्याच्या टोकावर एक बिंदू, देठावरच्या डोळ्यात खिडकीचा एक सूक्ष्म चौकोन, एवढे पुरे.

मग सावली. ड्यूररच्या 1505 मधल्या भुंग्याच्या चित्रात किडा कोऱ्या कागदावर चालतो आहे असे वाटते, आणि त्याचे सारे श्रेय पायांखालच्या सावलीला आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचे अतिशय पातळ मिश्रण घेऊन पाय कागदाला जिथे टेकतो तिथे गडद, आणि तिथून दूर जाताना पाण्याने विरत जाणारी सावली द्यावी. एकाच ठिकाणी धीट व्हावे : जाड नांगीचे टोक सोनेरी रेघ ओलांडून बाहेर यावे आणि त्याची सावली रेघेवर पडावी. हूफनागल अशा दृष्टिभ्रमात फार रमत असे. गेओर्ग बोच्काई याने 1561-62 मध्ये लिहिलेल्या सुलेखनाच्या पोथीत त्याने सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी 1590च्या दशकात फुले आणि कीटक रंगवले, तेव्हा एका फुलाचा देठ जणू चर्मपत्राला चीर पाडून खोचला आहे असे दाखवले, आणि पान उलटल्यावर मागच्या बाजूला तो देठाचा तुकडाही रंगवून ठेवला. ही पोथी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

सोनेरी रेघ अखेरीस काढावी. खरे सोने वापरायचे असल्यास वर्ख डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटून, धुऊन त्याचा रंग करतात आणि वाळलेली रेघ अकीकाच्या दगडाने घोटून चमकवतात. सोनेरी गॉशला अकीकाची गरज नसते. रेघ एका दमात न काढता छोट्या तुकड्यांत काढावी आणि कागद फिरवत राहावा, म्हणजे मनगट नेहमी आतल्या बाजूने वळते. तिची जाडी एक मिलिमीटरहून अधिक नसावी. जाड झाली की ती चिंबोरीशी स्पर्धा करू लागते.

वर आणि खाली मराठी अक्षरे लिहावीत. वर एखादी म्हण, जसे ‘पाण्यात राहून माशाशी वैर’, आणि खाली प्राण्यांची नावे. देवनागरीची शिरोरेषा सरळच ठेवावी, लंबवर्तुळाबरोबर वाकवू नये. वळणदार रेघेखाली सरळ शिरोरेषा आली की दोघींचा उठाव वाढतो. बोरू आणि बर्न्ट अंबर पुरे आहे.

मुंबईच्या हवेत या चित्राची काळजी वेगळी घ्यावी लागते. पावसाळ्यात पातळ हात वाळायला तिप्पट वेळ लागू शकतो, आणि अर्धवट ओल्या हातावर दुसरा हात दिला की खालचा रंग उचलला जातो. कागदाच्या पाठीला हात लावून गार लागला तर तो अजून ओला आहे असे समजावे. जलरंगातल्या डिंकावर बुरशी धरते, म्हणून तयार चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आम्लमुक्त कागदाच्या घडीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह सपाट ठेवावे. फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगावा, म्हणजे काचेवरचा दमटपणा रंगाला लागणार नाही. फ्रेममध्ये जाण्यापूर्वी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने चिंबोरी कोणत्या बाजारातून, कोणत्या तारखेला आणली, ती नर होती की मादी, कवचाची रुंदी किती होती आणि कोणते रंग वापरले, हे लिहून ठेवावे.